दोन गाड्या, दोन सल्ले

नोव्हेंबर सरता सरता लंडनच्या वायव्य टोकाला कडक थंडी सुरू होते आणि पिनरमधल्या घरांपुढे उभ्या असलेल्या काही गाड्या सकाळी कितीही सेल मारला तरी चालू होत नाहीत. बॅटरी बदलायची वेळ आली की मराठी घरात सल्ल्यांना तोटा नसतो. त्या सल्ल्यांचे मुख्यतः दोन प्रकार असतात. एक म्हणतो, मापात बसेल ती स्वस्तातली घ्या. दुसरा म्हणतो, इथे काटकसर नको, दुकानातली सगळ्यात भारी घ्या. हे दोन विचार समोरासमोर यावेत म्हणून इथे एक मामा आणि एक भाची कल्पिली आहे. मामा उमेदीची वर्षं चिंचवडला काढून इकडे आलेले, आता निवृत्त. त्यांच्याकडे २००७ सालची छोटी पेट्रोल गाडी. भाची नोकरी करणारी. तिच्याकडे २०१७ सालची डिझेल गाडी, सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद होणारी आणि क्लच दाबला की पुन्हा चालू होणारी. या दोन गाड्या विचार करून निवडल्या आहेत. २९ ऑगस्ट २०२३ रोजी लंडनचा यूलेझ, म्हणजे कमी धुराच्या गाड्यांचा विभाग, बाहेरच्या सर्व बरोंपर्यंत वाढला. पिनर ज्या हॅरो बरोत आहे त्या हॅरोच्या कौन्सिलने इतरांबरोबर उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिलं होतं, पण ते फेटाळलं गेलं. तेव्हापासून निकषात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड पडतात. निकष पेट्रोलला युरो ४ आणि डिझेलला युरो ६ असा आहे. त्यामुळे एकाच गल्लीत, एकाच कुटुंबात, पंधरा-अठरा वर्षं जुनी साधी पेट्रोल गाडी आणि तिच्याहून बरीच नवी, इंजिन स्वतःहून बंद-चालू करणारी डिझेल गाडी शेजारीशेजारी उभ्या दिसतात. बॅटरीच्या दृष्टीने या दोन गाड्यांच्या गरजा अगदी वेगळ्या आहेत.

मामांचं म्हणणं असं: “अगं, बॅटरी म्हणजे शेवटी काय? शिशाच्या पट्ट्या, पातळ केलेलं गंधकाम्ल आणि सहा कप्पे. प्लांटे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये केली, तेव्हापासून मूळ गोष्ट तीच आहे. चिंचवडला एक्साइडचा कारखाना आहे. तिथली बॅटरी पुण्याच्या उन्हात तीन-चार वर्षं चालली की आम्ही समाधानी असायचो. मधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टर्मिनलवर साचलेली पांढरी पूड गरम पाण्याने धुवायची, वर व्हॅसलीनचा हात फिरवायचा. इथे तर ऊनही नाही. मापात बसेल अशी साठ-सत्तर पौंडांची आणावी आणि तीन-चार वर्षांनी पुन्हा बदलावी. मी माझ्या गाडीला हेच करणार, आणि तूही तुझ्या गाडीला हेच कर. बारा व्होल्ट म्हणजे बारा व्होल्ट.”

भाचीला हे पटत नाही. “मामा, तुम्ही आठवड्यातून दोनदा बाहेर पडता, बरोबर मामी असतात. संध्याकाळी काळोखात कुठे गाडी अडली तर काय कराल? या एका गोष्टीत हात आखडू नका. माझ्या गाडीत मुळात एजीएम होती, मी पुन्हा एजीएमच घेणार. तुमच्याही गाडीत तीच घालू. जास्त अँपिअर-तासांची, जास्त सीसीएची, पाच वर्षांच्या गॅरंटीची. एकदा भारी घेतली की पुन्हा त्याकडे बघायला नको.”

दोघांच्याही बोलण्यात एकमेकांची काळजी आहे, आणि दोघांच्याही बोलण्यात एकच उणीव आहे. दोघंही बॅटरीकडे बघतात. एकाला किंमत दिसते, दुसरीला दर्जा दिसतो. माझं म्हणणं असं की बदलीची बॅटरी गाडीकडे बघून ठरते. ही गाडी बॅटरीला वीज परत कशी देते आणि आठवडाभरात ती किती, कशी चालते, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निवडीला फारशी जागाच उरत नाही. मामांचा सल्ला मामांच्या गाडीला जवळपास बरोबर आहे आणि भाचीच्या गाडीला चूक आहे. भाचीचा सल्ला तिच्या गाडीला बरोबर आहे आणि मामांच्या गाडीत तो पैसे वाया घालवणारा आहे. हे असं का, ते मात्र नीट पाहण्यासारखं आहे.

त्याआधी एक गोष्ट मामांच्या बाजूने. बॅटरी मेली असं म्हणण्यापूर्वी ती मोजावी, हा जुन्या मेकॅनिकांचा शिरस्ता इथे विसरला जातो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, दार उघडण्यापूर्वी शक्य असेल तर उत्तमच, साध्या मल्टीमीटरने टर्मिनलवरचा दाब पाहावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. रिकामी बॅटरी आणि मेलेली बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार्जरवर रात्रभर लावल्यावर जी भरते, दोन दिवस दाब टिकवते आणि भार दिल्यावर ढासळत नाही, तिला बदलण्यात अर्थ नाही. ती का उतरली ते शोधायला हवं. मामांच्या गाडीत इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.७ च्या दरम्यान व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर ठीक आहे असं मानता येतं. भाचीच्या गाडीत हा ठोकताळा फसवतो, कारण तिथे संगणक अल्टरनेटरला कधी जोरात चालवतो, कधी जवळजवळ थांबवतो, आणि निरोगी गाडीतही क्षणभर साडेबारा व्होल्ट दिसू शकतात. मोजण्याची पद्धतसुद्धा गाडीप्रमाणे बदलते, ती इथूनच.

आता मामांच्या “इथे तर ऊनही नाही” या वाक्याकडे येऊ. त्यात एक मोठं सत्य आहे. बॅटरीचं आयुष्य उष्णता खाते. तापमान १० अंशांनी वाढलं की आतली रासायनिक झीज साधारण दुप्पट वेगाने होते, हा सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणून मे महिन्यात पुण्यात बॉनेटखाली भाजणारी बॅटरी लवकर संपते आणि पिनरमधली तिच्याहून बरीच वर्षं जास्त चालते. पण थंडीचं काम निराळं आहे. थंडी बॅटरीला मारत नाही. आधीच झिजलेल्या बॅटरीचं पितळ उघडं पाडते. शून्याच्या आसपास आतली रासायनिक क्रिया मंदावते, बॅटरी देऊ शकते तो प्रवाह कमी होतो, आणि त्याच वेळी इंजिनातलं तेल घट्ट झाल्यामुळे स्टार्टरला अधिक प्रवाह लागतो. जुलैत जी बॅटरी बरी वाटत होती ती डिसेंबरमध्ये हरते, आणि लोक थंडीला दोष देतात. भाचीचा सीसीएचा आग्रह इथूनच येतो. सीसीए म्हणजे थंडीत सेल मारण्याची ताकद. युरोपीय प्रमाणाप्रमाणे तो आकडा उणे १८ अंशांवर मोजतात: तेवढा प्रवाह १० सेकंद ओढल्यावरही दाब साडेसात व्होल्टच्या खाली जाता कामा नये. पिनरमध्ये तेवढी थंडी पडत नाही. तो आकडा तुलनेसाठीची मोजपट्टी आहे. गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून थोडी अधिक ताकद असावी, कारण बॅटरी जुनी होताना ती कमी होत जाते. त्यापलीकडे वाढवण्यातून छोट्या पेट्रोल इंजिनाला काही मिळत नाही. शिवाय साध्या बॅटरीत, खोका तेवढाच ठेवून सीसीए वाढवायचा तर पट्ट्या पातळ आणि संख्येने जास्त कराव्या लागतात, आणि पातळ पट्ट्या वारंवार खोलवर रिकाम्या होणं सहन करत नाहीत. लेबलवरचा मोठा आकडा फुकट मिळत नाही.

आता मूळ मुद्दा, भाचीच्या गाडीचा. मामा विचारतात, “स्टार्टर तोच, बॅटरीला काम तेच, मग तिच्या गाडीला वेगळी बॅटरी कशाला?” काम तेच नाही, हे याचं उत्तर. मामांची गाडी बाहेर पडताना एकदा आणि परतताना एकदा चालू होते. भाची सकाळी साडेआठला, शाळांच्या वेळेत, पिनर रोडने हॅरोकडे निघाली की तिचं इंजिन प्रत्येक सिग्नलला बंद होतं आणि पुन्हा चालू होतं. मधल्या अर्ध्या-एक मिनिटात दिवे, पंखा, वायपर, रेडिओ सगळं बॅटरीवर चालतं. एका फेरीत दहा वेळा थोडं रिकामं होणं आणि दहा वेळा भरणं, असं वर्षभर. साध्या बॅटरीची रचना भरलेल्या अवस्थेत राहून क्षणभर जोर लावण्यासाठी असते. तिला या फेऱ्यांत घातली की पट्ट्यांवरचा लगदा सैल होऊन खाली गळू लागतो आणि जड आम्ल तळाशी, पातळ आम्ल वर असे थर पडतात. ईएफबी प्रकारात पट्ट्यांवर पॉलिएस्टरचं विणकाम बसवून तो लगदा धरून ठेवतात. एजीएममध्ये त्याहून पुढे जाऊन सगळं आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेलं असतं आणि पट्ट्या त्या गादीत दाबून बसवलेल्या असतात, म्हणून ना लगदा गळत, ना आम्लाचे थर पडत. दोन्ही साध्या बॅटरीपेक्षा अनेक पट फेऱ्या सोसतात, एजीएम अधिक.

एवढ्यावर हे थांबत नाही. अशा गाडीत बहुधा ऋण टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. तो प्रवाह, दाब आणि तापमान मोजून गाडीच्या संगणकाला कळवतो. संगणक बॅटरी मुद्दाम पूर्ण भरत नाही. ती ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवतो, कारण उतारावर किंवा ब्रेक लावताना अल्टरनेटरकडून मिळणारी जवळपास फुकटची वीज साठवायला जागा हवी असते. आता विचार करा: जी साधी बॅटरी कायम पूर्ण भरलेली राहिली तरच जगते, तिला जी गाडी कधी पूर्ण भरतच नाही तिच्यात बसवली तर काय होईल? अर्धवट भरलेल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि तेवढा भाग कामातून जातो. साठ पौंड वाचवून आणलेली बॅटरी दीड-दोन हिवाळ्यांत उतरते आणि मामांच्याच हिशोबाने ती महाग पडते. नियम सोपा आहे: मुळात एजीएम असेल तिथे एजीएमच, ईएफबी असेल तिथे ईएफबी किंवा एजीएम; खालच्या प्रकाराकडे कधीही जायचं नाही.

मामांचा आक्षेप इथे संपत नाही, आणि तो टाकाऊही नाही. “माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी अशा गाड्यांत साधी बॅटरी घातली आहे, गाड्या मजेत चालतात.” चालतात, हे खरं. पहिले काही महिने नवी साधी बॅटरीही उत्तम सेल मारते, आणि पुढे ती अशक्त झाली की संगणक गुपचूप इंजिन बंद-चालू करणंच थांबवतो. सिग्नलला इंजिन बंद होईनासं झालं म्हणून कुणी तक्रार करत नाही, अनेकांना ते बरंच वाटतं. म्हणजे जे मजेत चालणं दिसतं त्यात गाडीने एक काम आधीच सोडून दिलेलं असतं. या आक्षेपातून एक सावधगिरीही निघते: जुनी गाडी विकत घेतली असेल तर तिच्यात आता जी बॅटरी आहे ती पुरावा मानू नये. आधीच्या मालकाने मामांचा सल्ला ऐकलेला असू शकतो. दुकानात नंबरप्लेट सांगितली की यादी निघते; तीही एकाच मॉडेलच्या दोन प्रकारांत गोंधळू शकते. गाडीबरोबरची पुस्तिका, बसवलेल्या बॅटरीचं लेबल आणि दुकानाची यादी, तिन्हींचा मेळ बसला तरच पैसे द्यावेत.

आणि पैसे देण्यापूर्वी भाचीने आणखी एक प्रश्न विचारायला हवा: नवी बॅटरी संगणकात नोंदवून देणार का? बीएमडब्ल्यूपासून फोक्सवॅगन गटापर्यंत अनेक गाड्यांचा संगणक बॅटरीच्या वयाचा अंदाज ठेवतो आणि त्याप्रमाणे चार्जिंग बदलतो. नवी बॅटरी बसवून ते त्याला कळवलंच नाही, तर तो तिला जुनीच समजून वागवतो. निदान यंत्र लावून पाच मिनिटांत होणारं हे काम न केल्यामुळे महागडी बॅटरी चुकीच्या मापाने भरली जाते. सगळ्याच गाड्यांना हे लागत नाही. ज्यांना लागतं त्यांच्या बाबतीत बॅटरीइतकंच बसवणाऱ्याचं कौशल्य विकत घ्यावं लागतं, आणि त्यासाठी वीस-तीस पौंड जास्त दिले तर ते गेले असं मी म्हणणार नाही.

आता उलट बाजू. मामांच्या गाडीत एजीएम घातली तर बिघडेल काय? बहुतेक काही बिघडणार नाही, चालेल. भाचीचा युक्तिवादही वजनदार आहे: “एजीएम चार्ज लवकर घेते. मामा मार्श रोडवर भाजी आणायला जातात नि दहा मिनिटांत परत येतात. एवढ्याशा वेळात जी जास्त भरेल तीच त्यांना चांगली.” एजीएमचा हा गुण खरा आहे, पण मामांच्या अडचणीला तो पुरत नाही. बॅटरीचा हिशोब घरखर्चाच्या जमाखर्चासारखा असतो. जमा कमी पडत असेल तर वही बदलून भागत नाही. सेल मारायला लागणारी वीज फारच थोडी: दीडशे अँपिअर दोन सेकंद ओढले तरी अँपिअर-तासाचा दहावा भागही खर्च होत नाही. खरा खर्च पुढे सुरू होतो. मागच्या काचेचं दव घालवणारी तार, पुढचे दिवे, जोरात सोडलेला पंखा, असेल तर सीटची ऊब, मिळून चाळीस-पन्नास अँपिअर सहज होतात, आणि रांगेत संथ फिरणारा अल्टरनेटर तेवढं भागवतानाच दमतो. त्यात थंडगार बॅटरी चार्ज स्वीकारते तीही हळू. दहा मिनिटांच्या फेरीत बॅटरीच्या खात्यावर जवळजवळ काहीच पडत नाही, मग ती साधी असो की एजीएम. महिन्यातून एकदा डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात जाऊन येणं, म्हणजे जाता-येता मिळून तासभर किंवा त्याहून जास्त सलग गाडी चालणं, हे बॅटरीला अशा दहा फेऱ्यांपेक्षा हितकर आहे. तेही होत नसेल तर तीस-चाळीस पौंडांचा आपोआप थांबणारा चार्जर घ्यावा आणि पंधरा दिवसांतून एकदा रात्रभर लावावा. पिनरमधल्या अनेक घरांपुढे गाडी उभी करायला स्वतःची फरसबंद जागा आहे, तिथे वायर दारातून ओढता येते. एजीएम साध्या बॅटरीच्या साधारण दुप्पट किमतीला जाते. वरच्या फरकाचे पैसे मामांनी या चार्जरवर घालावेत. रस्त्यावर गाडी उभी करणाऱ्याला ही सोय नाही, आणि त्याच्या बाबतीत मी भाचीच्या बाजूने थोडा झुकेन: त्याच मापात ईएफबी मिळत असेल तर तिचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

“मग निदान मोठी तरी घ्या,” भाची म्हणते, “पंचेचाळीसच्या जागी साठ अँपिअर-तासांची.” यावर मामा जुनं उत्तर देतात की छोट्या अल्टरनेटरने मोठी बॅटरी भरत नाही. ते बरोबर नाही; जेवढी वीज काढली तेवढीच परत भरायची असते, बॅटरी मोठी असली म्हणून काढलेली वीज वाढत नाही. मोठ्या बॅटरीचा फायदा आहे, पण तो फक्त दीर्घ मुक्कामात दिसतो, आणि मोठी म्हणजे किती हे ट्रे ठरवतो. इथल्या दुकानांत बॅटरीला तीन आकडी नंबर असतात. ०२७ चा खोका साधारण २४२ मिलिमीटर लांब, १७५ रुंद, १९० उंच. ०९६ त्याहून लांब, २७८. ०७५ ची लांबी-रुंदी ०२७ चीच आहे, उंची मात्र १५ मिलिमीटर कमी. हे १५ मिलिमीटर क्षुल्लक वाटतात. पण उंच बॅटरीचं धन टर्मिनल बॉनेटच्या पत्र्याला टेकलं तर ठिणगी आणि आग, आणि ठेंगणी बॅटरी पकडीत न बसता हलत राहिली तर पट्ट्या तुटणं, दोन्ही घडू शकतं. सैल किंवा गळकी बॅटरी वार्षिक एमओटी तपासणीतही दोष धरली जाते. धन टर्मिनल उजवीकडे की डावीकडे, हेही तितकंच महत्त्वाचं: उलट बाजूची बॅटरी आणली की वायर पोचत नाही, आणि ओढूनताणून उलटी जोडली तर अल्टरनेटरचे डायोड जळतात. जपानी मापाच्या काही छोट्या बॅटऱ्यांचे टर्मिनल युरोपीय टर्मिनलपेक्षा बारीक असतात. पत्र्याची पट्टी गुंडाळून क्लॅम्प घट्ट करण्याचा जुगाड तिथे करू नये.

बॅटरी मागच्या सीटखाली किंवा डिकीत असेल, जशी टोयोटाच्या कित्येक हायब्रिड गाड्यांत असते, तर तिच्यातून वायू बाहेर नेणारी नळी नव्या बॅटरीला जोडता आली पाहिजे. तिथे मामांचा स्वस्त पर्याय आरोग्याच्याच दृष्टीने बाद होतो. हायब्रिडची बारा व्होल्टची बॅटरी इंजिन फिरवतही नाही, ती फक्त संगणक जागे करते, म्हणून तिच्यासाठी सीसीएची चर्चा करण्यात वेळ घालवू नये.

नावाचं काय? मामांचा एक्साइडवर विश्वास आहे, आणि पिनरच्या आसपासच्या दुकानात तेच नाव दिसलं की त्यांना घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. पण भारतातली एक्साइड इंडस्ट्रीज आणि युरोपात विकणारी एक्साइड टेक्नॉलॉजीज या दोन निरनिराळ्या कंपन्या आहेत. भारतात त्या नावाच्या हक्कावरून त्यांच्यात कोर्टकचेरीही झाली. उलट दिशेने पाहिलं तर वेगवेगळी लेबलं एकाच कारखान्यातून निघतात, हेही या धंद्यात नेहमीचं आहे. नावापेक्षा बॅटरी ताजी आहे का ते पाहावं. दुकानाच्या फळीवर पडल्यापडल्याही ती हळूहळू उतरते आणि सल्फेट धरते. निर्मितीची किंवा शेवटच्या चार्जिंगची तारीख विचारावी, आणि बसवण्यापूर्वी दुकानदारासमोरच मीटर लावावा. साडेबारा व्होल्टच्या खाली असेल तर दुसरी मागावी. हे मागताना संकोच बाळगू नये.

भाचीचा शेवटचा आधार गॅरंटीचा. तीन वर्षांची की पाच वर्षांची, या फरकाला ती आयुष्याचा अंदाज मानते. गॅरंटीचे नियम वाचले तर दिसतं की कारखान्याचा दोष त्यात येतो, आणि पूर्ण उतरून तशीच पडून राहिलेली किंवा चुकीच्या प्रकारच्या गाडीत घातलेली बॅटरी बहुधा वगळलेली असते. नेमकी हीच दोन कारणं बहुतेक बॅटऱ्यांच्या अकाली मरणाची असतात. गिऱ्हाइकाचं खरं संरक्षण २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात आहे: सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात, आणि पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष विकतानाच होता असं सहसा धरलं जातं. त्यासाठी बिल आणि गाडीला योग्य प्रकारच निवडल्याचा पुरावा जपून ठेवावा. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नसते. तिच्यात शिसं आणि आम्ल असतं, आणि गाडीच्या बॅटऱ्या पुरण्यावर आणि जाळण्यावर इथे २०१० पासून बंदी आहे. विकणारा सहसा परत घेतो, नाहीतर हॅरोमधल्या फॉरवर्ड ड्राइव्हवरच्या कौन्सिलच्या केंद्रात ती देता येते. पुण्यात जुनी बॅटरी देऊन नवीवर सूट घेणाऱ्या मामांना हे सांगायला लागत नाही.

उरतो तो डिसेंबरचा प्रश्न, आणि इथल्या मराठी घरांसाठी तो बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे. कुटुंब चार आठवडे भारतात जातं आणि गाडी पिनरच्या थंडीत उभी राहते. बंद गाडीही अलार्म, कुलपं आणि संगणकासाठी वीज घेत असते. तो प्रवाह ३० मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला पाऊण अँपिअर-तास, २८ दिवसांत २० अँपिअर-तास होतात. भाचीची ७० अँपिअर-तासांची एजीएम संगणकाने आधीच ऐंशी टक्क्यांवर, म्हणजे ५६ वर ठेवलेली. परत येईपर्यंत ३६ उरतात, म्हणजे निम्मी बॅटरी आणि जानेवारीची सकाळ. तिने उभ्या गाडीतही चालणारा डॅशकॅम लावला असेल आणि तो पाव अँपिअर घेत असेल तर दिवसाला सहा अँपिअर-तास जातात, आणि विमान मुंबईला उतरून दहा दिवस होण्याआधीच सगळं संपतं. दुकानातली सगळ्यात भारी बॅटरीही याला उत्तर देऊ शकत नाही. मामा म्हणतात, “निघताना दहा नंबरचा पाना घे आणि ऋण टर्मिनल सोडून ठेव, आम्ही नेहमी तेच करायचो.” मामांच्या गाडीला हा उपाय उत्तम: आधी रात्रभर चार्ज करावं, मग ऋण वायर काढावी, परत आल्यावर ती शेवटी जोडावी; फार तर रेडिओचा कोड आणि घड्याळ पुन्हा लावावं लागेल. भाचीच्या गाडीला तो सांगू नये. तिथे वायर काढली की अलार्म बंद होतो, विद्युत कुलपांच्या डिकीत काही ठेवलं असेल तर ती उघडणं अवघड होतं आणि बॅटरीच्या अवस्थेची संगणकाने ठेवलेली नोंद हलू शकते. तिने डॅशकॅमची वायर काढावी आणि एजीएमची सोय असलेला चार्जर पुस्तिकेत दाखवलेल्या जागी लावून जावं. त्याचा ऋण चिमटा बॅटरीच्या टर्मिनलला न लावता गाडीच्या सांगाड्याला लावावा, म्हणजे चार्जरने दिलेली वीज सेन्सरमधून जाते आणि संगणकाच्या हिशोबात धरली जाते.